पांढऱ्या तोंडाचा पेंग्विन

पक्षिदालनातलं ते काचेचं कपाट अडतीस वर्षांनी उघडलं, तेव्हा आतून डांबरगोळ्यांचा आणि जुन्या लाकडाचा असा भपकारा आला, की सुतार दोन पावलं मागे सरला. ताई मात्र पुढे झाली. त्या वासातच ती लहानाची मोठी झाली होती.

ताई ही संग्रहालयातली पेंढा भरणारी. मेलेल्या पक्ष्याचं कातडं अलगद सोडवायचं, औषध लावून सुकवायचं, आत तारा आणि पेंढा घालून त्याला पुन्हा पायांवर उभं करायचं, हे तिचं काम. तिच्या आधी हेच काम तिचे बाबा करायचे. ती चार वर्षांची असताना आई गेली. घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून बाबा तिला रोज कामावर आणत, आणि ती टेबलाखाली बसून काचेचे डोळे रंगांप्रमाणे वेगळे करत बसे. पुढे लग्नाची बोलणी दोनदा झाली आणि दोन्हीदा ‘मुलीच्या हाताला हा वास कसला?’ या प्रश्नावर मोडली, असं ती स्वतःच हसत हसत सांगायची. आता ती सत्तेचाळीस वर्षांची होती आणि बाबा एक्याऐंशीचे. दोघं संग्रहालयामागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत.

कपाटात तुरेवाले पेंग्विन होते. सहा जाती, प्लास्टरच्या खडकावर ओळीनं उभ्या. नव्या संचालक बाईंचं म्हणणं असं, की लोक या कपाटासमोर येतात, ‘सगळे सारखेच दिसतात’ म्हणतात आणि पुढे जातात. तेव्हा पक्षी साफ करा, नीट मांडा, आणि कोण कोणापासून कशात वेगळा ते साध्या शब्दांत लिहा. ताईला हे काम मनापासून आवडलं होतं. तिनं सहाही पक्षी कार्यशाळेत आणवले, हातमोजे आणि मुखपट्टी चढवली, कारण जुन्या कातड्यांना आर्सेनिकचा साबण चोळलेला असतो, आणि एकेकाला समोर घेऊन ती साफ करत, बघत, लिहीत गेली.

पहिला रॉकहॉपर. सगळ्यांत ठेंगणा, लाल डोळ्यांचा, आणि भुवईसारखी पिवळी रेघ मागे जाऊन बाजूला विस्कटलेली. भांडून आलेल्या माणसासारखा दिसतो, असं तिनं लिहिलं आणि मग खोडलं. दुसऱ्याची भुवई चांगली रुंद, आणि गालावर चार-पाच पांढऱ्या रेघा. हा फिऑर्डलंड. तिसरा स्नेअर्स, दिसायला दुसऱ्याचा सख्खा भाऊ, पण गालावर रेघा नाहीत आणि चोचीच्या बुडाशी उघड्या गुलाबी कातडीची कडा. चौथ्याचा तुरा तिनं सवयीनं, वर न बघताच लिहून टाकला, ब्रशाच्या केसांसारखा सरळ वर जाणारा, म्हणून नावच उभ्या तुऱ्याचा. पाचवा मॅकरोनी, सगळ्यांत दांडगा. याचा तुरा पिवळा नव्हे, नारिंगी, आणि दोन्ही बाजूंचा तुरा कपाळावर मध्यभागी येऊन मिळालेला. तोंड काळं कुळकुळीत. आणि सहावा रॉयल. अंगापिंडानं मॅकरोनीच, तुराही तसाच, फक्त तोंड आणि हनुवटी पांढरी.

सहाव्याच्या गालावरून तिनं स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस फिरवला. कापूस पांढरा झाला.

प्लास्टरची धूळ असेल, असं वाटून तिनं दुसरा बोळा घेतला. तोही पांढरा झाला, आणि त्याला लागून रंगाची बारीक सालं निघाली. तिनं भिंग डोळ्याला लावलं. गालावरची पिसं एकमेकांना चिकटली होती, रंगाच्या ब्रशाचे केस वाळून चिकटतात तशी. तिसऱ्या बोळ्यानंतर बोटाच्या पेराएवढ्या जागेत खालचं पीस दिसलं. काळं.

ती तिथेच स्टुलावर बसली. हा रॉयल नव्हताच. मॅकरोनीचं तोंड कोणी तरी रंगवलं होतं. आणि ‘कोणी तरी’ म्हणायला जागा नव्हती. बैठकीच्या लाकडाखाली बाबांची खूण होती, तारेची दुहेरी गाठ. सव्वीस वर्षं ती या संग्रहालयात काम करत होती. दालनातलं प्रत्येक कपाट तिनं कधी ना कधी उघडलं होतं. याच एकाबद्दल बाबांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, ‘त्याला हात लावू नकोस, आर्सेनिक आहे.’ आर्सेनिक तर सगळ्यांतच होतं. तिला हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं, याचंच आता तिला नवल वाटलं.

तिनं तळघरात जाऊन त्या सालची नोंदवही काढली. सुबक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिलं होतं: ‘तुरेवाला, नर, तोंड काळं. मॅकरोनी.’ त्यावर लाल शाईची आडवी रेघ, आणि शेजारी जाड अक्षरात: ‘नोंद चुकीची. रॉयल.’ खाली तेव्हाच्या मोठ्या साहेबांची सही.

झुकलेलं अक्षर तिनं लगेच ओळखलं. ते नोंदकाकांचं होतं.

नोंदकाका पक्षिविभागाचे कारकून. आलेल्या प्रत्येक पक्ष्याला क्रमांक देणं, त्याची मापं, रंग, मिळाल्याचं ठिकाण लिहून ठेवणं, हे त्यांचं काम. लहानपणी तिच्या मुठीत कायम एखादं पीस असायचं, म्हणून ते तिला ‘पिसू’ म्हणायचे. ‘पीस धरते म्हणून पिसू, आणि चावते म्हणूनही पिसू,’ असं म्हणून स्वतःच्याच विनोदावर खूश व्हायचे. मग ती नऊ वर्षांची असताना ते एकाएकी पक्षिविभागातून दिसेनासे झाले. काही महिन्यांनी ते तिला तिकिटाच्या खिडकीत दिसले. तिनं हात हलवला, तर त्यांनी मान खाली घातली. बाबांना विचारलं, तर बाबा म्हणाले, ‘नोंदीत चूक केली त्यांनी. मोठ्या माणसांच्या गोष्टी आहेत.’ बावीस वर्षं ते त्या खिडकीत बसले आणि तिथूनच निवृत्त झाले. ती खिडकी पुढच्या दाराशीच होती, आणि नोकरी संपेपर्यंत बाबा एकदाही त्या दारानं कामावर गेले नाहीत.

दुपारच्या सुटीत ती घरी आली. बाबा खिडकीशी बसून मटार सोलत होते. हात थरथरायचे, दाणे इकडेतिकडे पडायचे, पण हे काम त्यांनी कोणाला करू दिलं नसतं.

‘‘बाबा, पेंग्विनांचं कपाट उघडलं आज.’’

बाबांचे हात थांबले.

‘‘मला वाटलं होतं, मी गेल्यावर उघडेल,’’ ते म्हणाले.

‘‘तुम्ही रंगवलंत?’’

‘‘रंगवलं. जस्ताचा पांढरा, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून. तीन हात दिले.’’ थोडं थांबून ते कडवट हसले. ‘‘लोक माणसाच्या तोंडाला काळं फासतात. मी पांढरं फासलं.’’

ताई हसली नाही. तिनं टोपली बाजूला सारली आणि समोर बसली. मग बाबांनी सांगितलं, अडतीस वर्षांत पहिल्यांदाच.

मोठ्या साहेबांना तुरेवाल्यांचा पूर्ण संच हवा होता. पाच जाती होत्या, रॉयल नव्हता. मिळायचाही नव्हता, कारण तो एकाच बेटावर पिल्लं काढतो आणि तिथून पक्षी आणणं बंद झालं होतं. दालनाच्या उद्घाटनाची पत्रिका मात्र छापून झाली होती, त्यात ‘संपूर्ण संच’ असे शब्द होते. मॅकरोनी दोन होते. साहेब कार्यशाळेत आले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, ‘तुमच्या हातात कला आहे. चेहऱ्याचाच काय तो फरक.’

‘‘आणि तुम्ही हो म्हणालात.’’

‘‘नाही म्हणण्याची सवय नव्हती. आणि खरं सांगू? मला जमेल का, हे बघायचंही होतं. जमलं. इतकं सुरेख जमलं, की उद्घाटनाला आलेले पाहुणे त्याच पक्ष्यासमोर सगळ्यांत जास्त वेळ उभे होते.’’

‘‘आणि नोंदकाका?’’

बाबांनी शेंगेचं साल बोटांत चुरगाळलं. ‘‘त्यानं एका नजरेत ओळखलं. म्हणाला, हा पक्षी मी मापलाय, माझ्या वहीत याचं तोंड काळं आहे. वहीतला शब्द बदलायला तो तयार होईना. साहेब भडकले. चौकशी लावली. मला आत बोलावून विचारलं, हा पक्षी तुमच्याकडे कसा आला?’’

‘‘तुम्ही काय सांगितलंत?’’

‘‘जसा आला, तसाच भरला.’’

खालच्या गल्लीतून कोणी तरी लोखंडी पत्रा ओढत नेत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

‘‘तो तिथेच उभा होता,’’ बाबा म्हणाले. ‘‘माझ्याकडे बघत. मी वर बघितलंच नाही. सगळं खापर त्याच्यावर फुटलं. निष्काळजीपणाचा शेरा बसला. माझी नोकरी गेली असती, तर तुझं काय झालं असतं? तू नऊ वर्षांची…’’

‘‘माझं नाव मध्ये आणू नका, बाबा.’’ तिचा आवाज चढला. म्हाताऱ्या बापाशी ती कधी असं बोलली नव्हती. ‘‘तुम्हाला माझी काळजी होती, कबूल. पण बावीस वर्षं तो माणूस खिडकीत बसला, तेव्हा मी नऊ वर्षांची नव्हते. एकतीस वर्षांची झाले. तुमच्याच हाताखाली नोकरीला लागले. तेव्हा कोणासाठी गप्प होतात?’’

बाबांनी पुन्हा मटार सोलायला घेतला, आणि दाणे जमिनीवर घरंगळत राहिले. ताई ते न उचलता कामावर परतली. जिन्यात तिला रडू आलं. बापाचा राग येतोय की स्वतःचा, हे तिला सांगता आलं नसतं. जे हात बघून ती हे काम शिकली, त्याच हातांचं ते काम होतं, आणि ते खरंच सुरेख होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं संचालक बाईंना सगळं सांगितलं. बाई हुशार होत्या, मनानंही वाईट नव्हत्या. त्यांनी भिंगातून पक्षी नीट पाहिला आणि खुर्चीत मागे टेकून म्हणाल्या, ‘‘हे बघा ताई, काही अभ्यासक तर रॉयल आणि मॅकरोनी ही एकच जात मानतात. फिकट तोंडाचे मॅकरोनीही क्वचित सापडतात. आपण पक्षी साफ करू, पाटी बदलू. गाजावाजा कशाला? साहेब हयात नाहीत. तुमचे वडील थकलेत.’’

‘‘आणि ज्यांच्यावर शेरा आहे, ते?’’

‘‘ते आहेत अजून?’’

‘‘आहेत.’’

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘‘मग मला लेखी लागेल. तुमचं नाही. तुमच्या वडिलांचं.’’

बाबांनी दोन दिवस लावले. पहिल्या दिवशी त्यांना पेन सापडेना. दुसऱ्या दिवशी छातीत दुखतंय म्हणाले. ताईनं डॉक्टरांना आणलं. डॉक्टर तपासून म्हणाले, काही नाही, जेवत नाहीत म्हणून थकवा आहे. तिसऱ्या दिवशी ती कामावरून आली, तर टेबलावर एक कागद होता. आठ ओळी लिहायला त्यांनी दिवस घालवला होता. अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी वळत गेली होती, पण एकही शब्द खोडलेला नव्हता. शेवटची ओळ होती: ‘नोंद बरोबर होती. मी खोटं बोललो.’ तिनं कागद वाचला, घडी केली आणि त्यांना गरम दूध आणून दिलं. दोघांत त्याहून जास्त काही झालं नाही.

रविवारी सकाळी बाबांनी आपणहून इस्त्रीचा सदरा मागितला. ‘‘त्याच्याकडे जाऊ,’’ म्हणाले.

नोंदकाका शहराच्या दुसऱ्या टोकाला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत. बाबा इमारतीपर्यंत आले, जिन्याची पहिली पायरी चढले आणि कठड्याला धरून उभे राहिले. मग हळूच खाली बसले.

‘‘पाय साथ देत नाहीत?’’ ताईनं विचारलं.

‘‘पाय देतात साथ,’’ बाबा म्हणाले. ‘‘तू जा. मी बसतो इथे.’’

दार नोंदकाकांनीच उघडलं. वाळलेले, ताठ, चष्म्याची भिंगं पूर्वीपेक्षाही जाड. त्यांनी तिला खालपासून वरपर्यंत निरखलं. नजर तिच्या बोटांवर येऊन थांबली.

‘‘पिसू?’’ ते म्हणाले.

तिला वाटलं होतं, आपण नीट, क्रमानं सांगू. पण त्या एका शब्दानं तिचा धीर सुटला, आणि तिनं दारातच कागद पुढे केला. नोंदकाका तो घेऊन खिडकीपाशी गेले, उजेडात धरून त्यांनी दोनदा वाचला. खोलीत एक पलंग, एक टेबल, आणि भिंतीशी वर्तमानपत्रांची व्यवस्थित रचलेली चळत, प्रत्येक गठ्ठ्यावर तारखेची चिठ्ठी.

‘‘कशानं साफ केलास?’’ त्यांनी विचारलं.

‘‘अं? स्पिरिटनं. कापसाच्या बोळ्यानं.’’

‘‘खालची पिसं शाबूत आहेत? मोडली नाहीत ना?’’

‘‘गालावरची आहेत. हनुवटीखालची थोडी गेली.’’

‘‘नर होता तो. चोच मीच मापली होती.’’ ते थोडा वेळ बाहेर बघत राहिले. ‘‘माझी बायको मरेपर्यंत म्हणायची, असेल हो तुमची चूक, माणूसच आहात, सोडून द्या आता. तिलाही पटवता आलं नाही मला. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं होतं, की आपण काळं लिहिलं खरं, पण बघितलं होतं का काळं?’’

ताईनं संचालक बाईंचं म्हणणंही सांगून टाकलं. लपवायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. ‘‘काही अभ्यासक दोन्ही एकच मानतात म्हणे.’’

‘‘मानू देत की,’’ नोंदकाका म्हणाले. ‘‘जाती एक असोत नाहीतर दोन, रंग तर डब्यातलाच होता ना?’’

मग तिनं धीर करून सांगितलं, ‘‘बाबा खाली आहेत. जिन्यात बसलेत.’’

नोंदकाकांनी कागदाची घडी पहिल्या घडीवरच काटेकोर घातली आणि तो तिला परत दिला.

‘‘बसू दे,’’ ते म्हणाले. ‘‘मला त्याची माफी नको. माफी मागून तो मोकळा होईल, मी कुठे ठेवू ती? मला नोंद हवी. वहीत, शाईनं.’’

‘‘होईल. मी करवून घेईन.’’

ती निघाली, तेव्हा त्यांनी चळतीतलं वरचं वर्तमानपत्र उचललं, तारीख बघून परत ठेवलं आणि त्याखालचं दिलं. ‘‘फरशी गार आहे खाली. त्याला म्हणावं, हे घेऊन बस.’’ आणि दार लावून घेतलं.

बाबांनी ते वर्तमानपत्र घेतलं. त्यावर बसले मात्र नाहीत. घरी येईपर्यंत रिक्षात ते त्यांनी मांडीवर धरून ठेवलं होतं.

पुढचं सगळं कागदोपत्री झालं, आणि कागदोपत्री कामाला लागतो तेवढा वेळ लागला. बाबांचा कागद मिळाल्यावर संचालक बाईंनी आपला शब्द पाळला. लाल रेघेखाली नवी नोंद झाली, तारीख आणि सहीसकट. शेरा रद्द केल्याचं पत्र नोंदकाकांना घरपोच गेलं. कपाट पुन्हा मांडलं तेव्हा दोन काळ्या तोंडाचे मॅकरोनी शेजारी शेजारी उभे राहिले, आणि रॉयलची जागा रिकामी ठेवून ताईनं तिथे पाटी लावली: ‘मॅकरोनीसारखाच, पण तोंड पांढरं. हा पक्षी आमच्याकडे नाही. पूर्वी इथे असलेला पक्षी रंगवलेला होता.’ शेवटचं वाक्य बाईंना खटकलं होतं. ताईनं ते काढलं नाही, आणि बाईंनीही पुन्हा विषय काढला नाही.

एका बुधवारी, दालन रिकामं असताना, नोंदकाका आले. त्यांना मोफत पास पाठवला होता, तरी तिकीट काढून आले होते. ताई लांबच उभी राहिली. ते सहा जागांसमोरून डावीकडून उजवीकडे गेले, प्रत्येकापाशी थांबून पाटी वाचत, मग पक्षी बघत, मग पुन्हा पाटी. दोन मॅकरोनींपाशी त्यांनी काचेवर हात टेकला आणि बराच वेळ तो काढला नाही. ताईनं नजर दुसरीकडे वळवली. थोड्या वेळानं त्यांनी तिला बोट वाकवून जवळ बोलावलं.

‘‘चौथा,’’ ते म्हणाले. ‘‘पाटीवर उभ्या तुऱ्याचा लिहिलंय, आणि तुरा मागे झोपलाय.’’

तिनं पाहिलं. खरंच होतं. इतके दिवस रॉयलच्या नादात तिला ते दिसलंच नव्हतं. तिनं किल्ली आणली, काच सरकवली, आणि ओल्या ब्रशानं, चिमट्यानं, पिसामागून पीस वर घेत गेली. नोंदकाका शेजारी उभे राहून सांगत राहिले, ‘‘अजून थोडं… डावीकडचं… हां, बस.’’ काम झालं तसे ते वळले आणि काठी टेकत दालनाबाहेर गेले. निरोप घेण्याची त्यांची पद्धत पूर्वीपासून तशीच होती.

संध्याकाळी बाबा दारातच वाट बघत होते. तिनं चपला काढायच्या आत त्यांनी विचारलं, ‘‘आला होता?’’

‘‘आले होते.’’

‘‘माझं काही विचारलं?’’

खोटं बोलणं सोपं होतं, आणि बाबांचं वय बघता कोणी तिला दोषही दिला नसता.

‘‘नाही,’’ ती म्हणाली.

बाबांनी मान डोलावली. ते आत जाऊन पलंगावर बसले. ती स्वयंपाकाला लागली. भांडी काढता काढता तिनं तिथूनच सांगितलं, ‘‘उभ्या तुऱ्याच्या पेंग्विनाचा तुरा झोपलाय म्हणाले. तुमच्या हातचा.’’

आतून बाबा म्हणाले, ‘‘बरोबर आहे त्याचं. कातडं ओलं असतानाच बसवला मी तो.’’ आणि पुन्हा थोड्या वेळानं, ‘‘मग? उभा राहिला?’’

‘‘राहिला,’’ ताई म्हणाली, आणि तिनं दोघांची ताटं घेतली.